पिकअपवरची उतरवता येणारी खोली: बनवून घेणाऱ्यांसाठी

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत पहिल्या फॅब्रिकेटरला मी म्हणालो, "पिकअपवर कॅम्पर बनवायचाय." तो म्हणाला, "नाना, कॅम्पर वेगळी गाडी आहे, पिकअप वेगळी." दुसऱ्यानं विचारलं, "किती लिटरचा?" दोघांचीही चूक नव्हती. आपल्याकडे कॅम्पर म्हणजे एक तर महिंद्राची डबल केबिनची गाडी, नाहीतर लग्नात ठेवतात तो गार पाण्याचा जार. तिसऱ्याकडे जाताना मी तो शब्दच टाकून दिला. म्हणालो, "पिकअपच्या हौद्यात बसेल, फिरायला गेल्यावर आत झोपता येईल अशी एक खोली करायची. छप्पर दोन फूट वर उठलं पाहिजे. आणि टोमॅटो सुरू झाले की अख्खी खोली उतरवून शेडमध्ये ठेवता आली पाहिजे." त्याला एका दमात कळलं.

मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. गाडी बोलेरो पिकअप, सिंगल केबिन, कागदावर १३०० किलो भार. जानेवारी ते एप्रिल ती द्राक्षाची, ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत टोमॅटोची. मधले मे, जून, जुलै आणि पुढचा डिसेंबर एवढीच ती आम्हा नवरा-बायकोची. म्हणून पहिल्या दिवसापासून अट एकच होती: गाडीला कायमचं काही चिकटवायचं नाही. ज्यांची गाडी फक्त हौसेची आहे त्यांनीही ही अट पाळावी असं मी म्हणेन, त्याचं कारण पुढे येईलच.

आधी कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत कंपनीनं दिलेला तपशील जसा आहे, त्याच्याशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. त्यामुळे हौदा कापणं, फाळके (हौद्याच्या उघडणाऱ्या बाजू) काढून त्या जागी भिंत वेल्डिंग करणं, चासीला भोकं पाडणं हे धंदे करू नका, मिस्त्री कितीही म्हणो की "सगळे करतात". उतरवता येणारी खोली मालासारखी हौद्यात बसते, पण तीही मागे किंवा बाजूला हौद्याबाहेर डोकावता कामा नये. नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जाता कामा नयेत. मालवाहू गाडीत मागे माणूस बसवणं चालत नाही, म्हणजे गाडी चालू असताना खोलीत कुणीही नाही, नातवंडंसुद्धा नाहीत. मी पेठ रोडला आरटीओत जाऊन आराखडा दाखवला, लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. विमा कंपनीलाही तसंच पत्र दिलं. हे काम ऑर्डर देण्याआधी करा, खोली तयार झाल्यावर नाही.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. एका फॅब्रिकेटरला (नाव घेत नाही) मी मोबाइलवर परदेशी गाड्यांचे फोटो दाखवले. तो म्हणाला, "होऊन जाईल." वीस हजार ॲडव्हान्स दिला. पंधरा दिवसांनी गेलो तर दीड इंची एमएस (लोखंडी) पाइपाचा सांगाडा उभा, गेट करतात तसा. मी म्हटलं, वजन किती? तो म्हणाला, "नाना, मजबूत आहे." चौघांना तो कोपऱ्यातून हलेना. लोखंड ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड असतं, हे मला माहीत होतं. पण मी ते कागदावर लिहून दिलं नव्हतं. ॲडव्हान्स गेला.

त्यातून एक शहाणपण मिळालं. फोटो दाखवू नका, काम तोडून द्या. नाशकात पॉप-अप (छप्पर वर उठणारा) कॅम्पर बनवणारा शोधत बसलो असतो तर अजून शोधत असतो. पण आपल्याकडे द्राक्षामुळे कोल्ड स्टोरेज आणि प्री-कूलिंग आहे, त्यामुळे पफ पॅनेल (मधे फोम असलेल्या, उष्णता अडवणाऱ्या भिंती) बसवणारे आहेत. रीफर (माल थंड ठेवून नेणाऱ्या) गाड्यांच्या बॉड्या बांधणारे आहेत, त्यांना पातळ, हलकी आणि गळकी नसलेली भिंत कशी जोडायची हे झोपेतही येतं. ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे आहेत. ॲल्युमिनियमला आर्गॉन वेल्डिंग करणारे सातपूर-अंबडला हवे तितके. कुलपं, बिजागऱ्या, रबर बीडिंग, दिवे शिंगाडा तलावावर मिळतात. प्रत्येकाला त्याचं रोजचंच काम द्यायचं. जोडणीची जबाबदारी मात्र एकावर ठेवायची. माझ्याकडे ती रीफर बॉडीवाल्या मिस्त्रीवर होती.

त्याच्याकडे जाण्याआधी मी शेडमध्ये बांबू आणि पुठ्ठ्याची खोली उभी केली. हौद्याचं माप टेपनं घ्या, कंपनीच्या कागदावरून नाही, कारण फाळक्याच्या कड्या, कोपऱ्यांचे खांब, चाकावरचा उंचवटा हे कागदावर दिसत नाहीत. मी चारही बाजूंनी एकेक इंच सूट ठेवली. पलंगाच्या जागी टोमॅटोचे क्रेट मांडले, वर गादी टाकली आणि दोन रात्री आम्ही तिथंच झोपलो. पहिल्या रात्री कळलं की साडेपाच फुटी रुंदीत आडवं झोपणं हिला जमतं, मला नाही. म्हणून पलंग लांबीला घेतला. दुसऱ्या रात्री ही म्हणाली, "रात्री उठायचं झालं तर मी तुमच्या अंगावरून उडी मारू का?" मग दार मागच्या कोपऱ्यात सरकलं आणि पलंगाच्या एका बाजूला सव्वा फुटाची वाट आली. हा बदल पुठ्ठ्यात झाला तेव्हा एक पैसा लागला नाही.

वजनाचं गणित मी वहीत मांडलं होतं, ते तसंच देतो: सांगाडा ८५ किलो, भिंती आणि तळ ९०, छप्पर सोलर पॅनेलसकट ५५, आतलं फर्निचर ६०, कापड १२, बॅटरी आणि वायरिंग २५, पाणी ४०, गादी-भांडी-किडुकमिडुक ४५. एकूण ४१२. प्रत्यक्षात काट्यावर ४३७ भरलं, फरक जवळजवळ सगळा फर्निचरचा. सुताराला १२ मिमी प्लाय सांगितला की तो हळूच १८ चा लावतो, "टिकाऊ आहे" म्हणून. बोलेरोला ४३७ किलो म्हणजे काहीच नाही, तिचे पाटे याहून कितीतरी जास्त भारासाठी घातलेत, उलट एवढ्याशा वजनात ती थोडी उडतेच. पण तुमच्याकडे खासगी नोंदणीची लाइफस्टाइल (मालापेक्षा हौसेची) पिकअप असेल तर गोष्ट उलटी होते. तिची भार नेण्याची मर्यादा बरीच कमी असते, आणि त्यातच तुम्ही दोघं, डिझेल, पाणी, सामान धरायचं असतं. आरसी बुकातलं रिकामं वजन आणि भरलेलं वजन यांतला फरक बघा, मगच भिंतीची जाडी ठरवा. मार्केट यार्डाजवळच्या भुईकाट्यावर गाडी रिकामी तोलून घ्या, नंतर खोलीसकट तोला. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळीही तोला. पाण्याची टाकी आणि बॅटरी केबिनच्या बाजूला घेतली तर मागचं शेपूट जड होत नाही.

सांगाडा दीड इंची चौकोनी ॲल्युमिनियम सेक्शनचा (पोकळ नळीचा), आर्गॉन वेल्डिंगनं केलेला. भिंती २५ मिमी पफच्या, दोन्ही बाजूंना लोखंडी पत्र्याऐवजी एफआरपीचा (फायबरचा) थर. पॅनेल नुसत्या पॉप रिव्हेटवर सोडू नका, आपल्या रस्त्यांवर हादऱ्यानं रिव्हेटची भोकं मोठी होतात. आधी पीयू सीलंटची (फट बुजवणाऱ्या चिकट लेपाची) धार, मग रिव्हेट. ॲल्युमिनियमला जिथं लोखंडी बोल्ट लागतो तिथं स्टेनलेसचा घ्या आणि मधे नायलॉनचा वॉशर टाका. दोन धातू पावसात एकमेकांना खातात. आणखी एक: सेक्शन बाहेरून आतपर्यंत उघडा राहिला तर पफ कितीही जाड असो, थंडीत नेमक्या त्या पट्टीवर पाणी सुटतं. आतून त्यावर फोमची पट्टी चिकटवायला सांगा. मी सांगितलं नव्हतं, नंतर स्वतः चिकटवली.

आता छप्पर. खरी डोकेदुखी तिथंच आहे.

छप्पर उचलायच्या दोन रीती. एक, पुढच्या बाजूला बिजागरी आणि मागून तिरपं उघडणारं. सोपं, स्वस्त, पण डोकं फक्त एका टोकाला लागत नाही. बिजागरी पुढेच हवी, मागे कधीही नाही. चुकून कुलूप सुटलं तर कसारा घाटात समोरचा वारा छप्पर उखडून नेईल. दुसरी रीत, चारही बाजूंनी सरळ वर उठणारं. यात पुढच्या आणि मागच्या बाजूला मधोमध दुमडणारी फळी असते. ती उलगडली की छप्पर वर जातं आणि डावीकडे-उजवीकडे झुलत नाही. मी दुसरी घेतली. खोली बंद असताना जमिनीपासून साडेसात फूट भरते. गावातल्या चिंचेच्या फांद्या आणि वीजतारांखालून ती सुखानं जाते.

उचलायला गॅस शॉकर लागतात, गाडीच्या डिकीला असतात ते. त्यांचा जोर न्यूटनमध्ये मोजतात आणि छपराच्या वजनाला साधारण दहानं गुणलं की अंदाज येतो. माझं छप्पर ४४ किलो होतं, त्या हिशेबानं चार शॉकर आले. मे महिन्यात ४० अंशाच्या उन्हात बसवले तेव्हा एका बोटानं छप्पर वर. नंतर मी त्यावर ११ किलोचं सोलर पॅनेल चढवलं, तरी भागत होतं. डिसेंबरात नांदूरमधमेश्वरला पक्षी बघायला गेलो. निफाडची थंडी तुम्हाला ठाऊकच आहे. पहाटे जाग आली ती कपाळाला गार काहीतरी टेकल्यामुळे. छप्पर रात्रभरात हळूहळू खाली येत येत माझ्यापर्यंत पोचलं होतं. ही शांत झोपलेली, तिच्या बाजूला अजून चार बोटं शिल्लक होती.

घरी येऊन शाळेतलं शास्त्र आठवलं. शॉकरमध्ये वायू असतो, थंडीत त्याचा दाब उतरतो. ४० अंशावरून ८ अंशावर आलं की जोर दहा टक्क्यांच्या आसपास कमी होतो, आणि माझ्याकडे ११ किलोची उधारी आधीच होती. म्हणून छपरावर पुढे जे जे चढणार आहे ते सगळं धरून शॉकर मागवा. आणि निव्वळ वायूवर कधीही झोपू नका: चार कोपऱ्यांत पाइपाचे टेकू, त्यांना आरपार पिन. बंद करताना उलटा धोका, म्हणून बाहेरून चार कुलूप-पट्ट्या आणि केबिनमध्ये एक लाल दिवा, छप्पर पूर्ण बसलं नसेल तर पेटणारा. रिक्षाच्या इलेक्ट्रिशियननं दारातल्या बटणासारखं एक बटण लावून तो करून दिला.

छप्पर आणि भिंत यांच्या मधलं कापड. ताडपत्री शिवणारे चाचा म्हणाले, "नाना, पीव्हीसी घ्या, थेंब आत येणार नाही." खरंय, बाहेरचा येणार नाही. पण दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, तो ओलावा पीव्हीसीतून जातो कुठं? बागेत पानावर दव बसून राहिलं की डावणी (बुरशीचा रोग) येते हे ज्याला कळतं त्याला हे वेगळं सांगायला नको. मी जाड सुती कॅनव्हास घेतला. तो श्वास घेतो, आणि पाण्यानं कापडाचा सुती धागा फुगून शिवणीची भोकं बुजतात. त्यासाठी पहिल्या पावसाआधी दोनदा भिजवून दोनदा पूर्ण वाळवावा लागतो, नाहीतर पहिल्या रात्री शिवणीतून टपटप. तोटा असा की ओला घडी केला तर चार दिवसांत बुरशी. जुलैत त्र्यंबकला, इगतपुरीला जाऊन यायचं आणि घरी आल्यावर शेडमध्ये छप्पर उघडून पंखा लावायचा, याला पर्याय नाही. शिवायला पॉलिस्टरचा दोरा, दोन खिडक्या समोरासमोर, जाळीसकट. आणि कापडाच्या मध्यावरून आतल्या बाजूनं इलॅस्टिकची दोरी फिरवून घ्या. छप्पर खाली येताना ती कापड आत ओढते. ती नसेल तर कापड बाहेर येतं आणि छपराच्या कडेखाली चेंगरतं. चाचांनी ही दोरी फुकट लावून दिली, वर म्हणाले, "ये तो मैने सोचाही नहीं था."

हौद्यात खोली धरून ठेवायला चार कोपऱ्यांत टर्नबकल, म्हणजे फिरवून आवळायचे हुक. पण हौद्याच्या दोरी बांधायच्या हुकांवर विसंबू नका, ते पत्र्याला लावलेले असतात. माझ्या मिस्त्रीनं हौद्याच्या मुळातल्याच बोल्टांमधून जाड पट्टी बसवून दिली, नवीन भोक न पाडता. खाली पूर्ण रबरी मॅट. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर टर्नबकल पुन्हा आवळा, ते ढिले होतातच.

विजेचं थोडक्यात. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, २०० वॉटचं पॅनेल. एक डीसी पंखा, तीन दिवे, मोबाइल आणि छोटा फ्रिज दीड दिवस सहज चालतात. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी उचलून आत ठेवू नका, ती पन्नास किलोच्या पुढे जाते आणि चार्ज होताना वायू सोडते. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. वायरी पिळून टेप गुंडाळणाऱ्याला काम देऊ नका, वायरीच्या टोकाला लग (धातूची कडी) दाबून, म्हणजे क्रिम्प करून घ्या.

स्वयंपाक आम्ही आत करत नाही. मागचा फाळका उघडला की त्यावर ओटा येतो, पाच किलोचा सिलिंडर बाहेरच्या पेटीत. त्या पेटीच्या तळाला भोक आहे, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. खोलीच्या बाजूनं पेटी पूर्ण बंद. थंडीत शेगडी किंवा निखारे आत घेऊन झोपायचा मोह झाला तर आणखी एक गोधडी घ्या.

ऑर्डर देताना मिस्त्रीला एक पान लिहून दिलं: बाहेरची मापं, एकूण वजनाची कमाल मर्यादा, कुठला सेक्शन किती जाडीचा, सांगाडा झाल्यावर पॅनेल लावण्याआधी काट्यावर तोलायचा. पैसे चार टप्प्यांत, तीस टक्के सुरुवातीला, तीस सांगाडा तोलल्यावर, तीस छप्पर उघड-मीट झाल्यावर, दहा पाण्याच्या परीक्षेनंतर. मला फर्निचर धरून दोन लाख पंच्याऐंशी हजार आले. फेब्रुवारीत ऑर्डर दिली, मे उजाडला. मार्चअखेर कोणीही हलत नाही आणि दिवाळीआधी कोणी फोन उचलत नाही, तेव्हा त्या हिशेबानं महिना निवडा. मी दर शनिवारी जात होतो, सोबत हंगामात द्राक्षांची पेटी. त्याचा उपयोग करारनाम्याएवढाच झाला.

पाण्याची परीक्षा पाइपनं घेऊ नका. पाइपचं पाणी वरून पडतं, रस्त्यावरचा पाऊस समोरून आणि खालून येतो. मी गाडी शेतात उभी केली आणि ट्रॅक्टरला लावलेला फवारणीचा ब्लोअर तीन वेळा धुवून, साधं पाणी भरून, चारही बाजूंनी दहा-दहा मिनिटं सोडला. छप्पर बंद ठेवून एकदा, उघडून एकदा. आत ही वर्तमानपत्रं अंथरून बसली होती. कागद जिथं ओला झाला तिथं खडूनं खूण. पाच जागा निघाल्या, त्यांतल्या तीन दाराच्या खालच्या बीडिंगला. मिस्त्री दुसऱ्या दिवशी येऊन बघत राहिला, म्हणाला, पुढच्या रीफरला हीच टेस्ट घेतो.

पहिली सफर लांब ठेवू नका. आम्ही सापुताऱ्याला गेलो. काही तुटलं तर वणीत वेल्डर मिळतो आणि संध्याकाळपर्यंत घर गाठता येतं. तुटलं फक्त कपाटाचं कडी-कुलूप, घाटात तांदूळ सांडले. चुंबकाच्या कड्या हादऱ्यात टिकत नाहीत, दाबून फिरवायची कडी लावा.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात खोली उतरते. पॅकिंग शेडच्या गर्डरला एक टनाचा चेन ब्लॉक (साखळीनं वजन उचलायची कप्पी) आहे. सांगाड्याच्या चार वरच्या कड्यांना पट्टे लावायचे, जेमतेम एक फूट उचलायचं, गाडी पुढे काढायची आणि खाली लोखंडी घोडे सरकवायचे. दोन माणसं, वीस मिनिटं. ज्यांच्याकडे शेड नाही त्यांनी चार कोपऱ्यांना जॅकचे पाय लावायची सोय आधीच सांगाड्यात करून घ्यावी, नंतर ती होत नाही. ठेवताना बॅटरी अर्धी चार्ज करून वायर काढायची, छप्पर वितभर उघडं ठेवायचं आणि वायरिंग जिथून आत जातं त्या भोकांना स्टीलची घासणी कोंबायची. पहिल्या वर्षी मी ती कोंबली नव्हती. नोव्हेंबरात उघडलं तर उंदरांनी फ्रिजची वायर कुरतडली होती आणि चाचांच्या कॅनव्हासमध्ये सात पिल्लं होती.